गहू शिरतो तो तोंडातून

मावशी, माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला सिलिॲक, म्हणजे गहू न सोसणारा आतड्याचा आजार, असल्याचं निघालं. रक्त तपासलं, नंतर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडाही तपासला. तेव्हापासून तिच्यासाठी गहू बंद. पोट सुधारलं, वजन दीड किलोनं वाढलं. पण कातडी मात्र कोरडीच. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागच्या लवणीत खाजवून खाजवून लाल करते, रात्री झोपत नाही. कोणीतरी सांगितलं की लोशनमध्येसुद्धा गव्हातलं ग्लुटेन असतं. मी घाबरून घरातली लोशनं, साबण, पावडर सगळं फेकून दिलं. फोंड्यात काही मिळालं नाही म्हणून पणजीला 18 जून रस्त्यावरच्या चार फार्मसी पालथ्या घातल्या. ‘ग्लुटेन-फ्री लोशन आहे का’ विचारलं तर एक जण म्हणाला, ‘बाई, ते किराणा दुकानात विचारा.’ ऑनलाइन एक परदेशी बाटली दिसते, 200 मिलीला 2,800 रुपये. नवरा म्हणतो, मागव. सासूबाई म्हणतात, कशाला ते, मी रोज आंघोळीआधी कणकेचा गोळा फिरवते आहे ना तिच्या अंगावर, त्यानंच कातडी मऊ होईल. मी काय करू?
— एक आई, फोंडा

अगं पोरी, ते 2,800 रुपये आधी पर्समध्ये परत ठेव. आणि कणकेचा गोळा आजच्या आज बंद कर. बाकीचं सावकाश बोलू.

तुझ्या पत्रातली खरी बातमी शेवटच्या ओळीत निघाली. लोशनच्या मागे तू फोंड्याहून पणजी गाठलीस, आणि घरातल्या न्हाणीत रोज सकाळी मुलीला कणीक चोळली जाते आहे! सासूबाईंना दोष देत नाही मी. आमच्या आईनं आम्हा पाचही भावंडांना तेच केलं. बाळंतिणीच्या खोलीत दूध-हळदीत भिजवलेला कणकेचा गोळा नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. पण तुझ्या लेकीचं प्रकरण वेगळं आहे, आणि ते दोन कारणांनी वेगळं आहे. ती दोन कारणं एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. बहुतेक आयांचा गोंधळ तिथेच होतो.

पहिलं कारण सिलिॲक. यात बिघाड होतो तो लहान आतड्यात. ग्लुटेन हे गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांतलं प्रथिन. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. हे प्रथिन आकारानं एवढं मोठं असतं की धड कातडीतून आत शिरत नाही. समज, तिच्या पोटऱ्यांना गव्हाच्या अंकुराचं तेल असलेलं लोशन चोपडलंस, तरी तिच्या आतड्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. पत्ता लागतो तो तोंडातून गेलं तर. त्यामुळे लोशन घेताना मुलीच्या अंगाचे मनातल्या मनात दोन भाग कर. ओठ, तोंडाभोवतीची जागा, हाताचे पंजे, नखं आणि चोखायचा अंगठा हा एक भाग. इथे लावायचं ते गव्हाशिवायचंच हवं. पाठ, पोट, मांड्या हा दुसरा भाग. तिथे सिलिॲकपुरती एवढी धास्ती नको. साडेतीन वर्षांचं पोर काय तोंडात घालत नाही, असं तू म्हणशील. खरं आहे. माझा भाचा त्या वयात स्वतःचा गुडघा चाटायचा. म्हणून घरात एकच बिनगव्हाचं क्रीम ठेवायचं आणि तेच सगळीकडे लावायचं, हे सोपं पडतं. पण ते सोयीसाठी, भीतीपोटी नव्हे.

भीती किती बाळगायची त्याचं एक माप सांगते. सिलिॲकच्या बहुतेक माणसांना दिवसाला 10 मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन पोटात गेलं तर आतड्याला इजा होत नाही असं धरतात. दहा मिलिग्रॅम म्हणजे सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, देऊन जातो त्या पोईचा (कोंड्याच्या पावाचा) नखाएवढा तुकडा. लोशनमध्ये गव्हाचं प्रथिन असलंच तर ते बहुधा यादीच्या शेपटाला, अगदी थोडं असतं, आणि त्यातलं चाटून पोटात जाणार त्याहून थोडं. उलट टेबलावर सांडलेला पोईचा चुरा, पोईखालचा तो कोंडा, हे बोटाला चिकटून थेट तोंडात. मला विचारशील तर तुझी पणजीची फेरी स्वयंपाकघरात सत्कारणी लागली असती. त्याकडे येतेच.

दुसरं कारण ॲलर्जीचं. सिलिॲक आणि गव्हाची ॲलर्जी हे दोन वेगळे आजार आहेत. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या लवणीत खाज, लाली, कोरडेपणा, रात्री खाजवणं हे तू लिहिलेलं वर्णन लहान मुलांच्या एक्झिमाचं वाटतं. एक्झिमात कातडीच्या भिंतीला बारीक चिरा पडलेल्या असतात. आतलं पाणी उडून जातं आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. मघाशी मी ‘धड कातडी’ म्हटलं ना, ही धड नव्हे. अशा फुटलेल्या कातडीवर खायचा पदार्थ रोज चोळला की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं. आज ॲलर्जी नाही, पण रोज घासून घासून ती तयार होऊ शकते.

हे नुसतं पुस्तकी नाही. जपानमध्ये चेहरा धुण्याचा एक साबण भरपूर खपला होता. त्याचा फेस छान यावा म्हणून त्यात गव्हाचं प्रथिन तोडून घातलेलं होतं, लेबलवर लिहितात ‘हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन’. जन्मभर पाव आणि नूडल्स सुखानं खाल्लेल्या बायका हा साबण वापरू लागल्या आणि काही महिन्यांनी गहू खाल्ला की त्यांच्या पापण्या सुजू लागल्या; काहींना तर धाप लागून दवाखान्यात न्यावं लागलं. दोन हजारांहून जास्त रोगी नोंदले गेले आणि 2011 मध्ये तो साबण बाजारातून परत बोलावला. पुढे 2017 मध्ये युरोपीय संघानं सौंदर्यप्रसाधनांतल्या अशा गव्हाच्या प्रथिनाचे तुकडे किती मोठे चालतील यावर मर्यादाच घातली. आता तुझ्या न्हाणीतला गोळा आठव. जपानी बायकांनी साबणाचा फेस लावला होता. आपण तर सबंध कणीकच घासतो, आणि तीही खाजवून लाल झालेल्या जागी. वर तीच कणीक नखांत अडकते आणि अंगठ्याबरोबर तोंडात जाते. म्हणजे दोन्ही कारणं एका गोळ्यात.

कणकेऐवजी डाळीचं पीठ चालेल का, हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न असणार. ग्लुटेनच्या दृष्टीनं चालेल, कातडीच्या दृष्टीनं नको. सध्या घासणंच नको. चिरलेल्या कातडीवर बेसन काय, मसूर काय, साय काय, सगळं खाण्याचंच आहे.

आता लेबल. त्या फार्मसीवाल्याचं उत्तर उर्मट होतं. मी स्वतः म्हापशात 31 वर्षं काउंटरच्या मागे काढली, असं बोलणाऱ्याला मी कामावर ठेवला नसता. पण त्याच्या बाजूनं एक गोष्ट आहे. आपल्याकडे ‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दाला कायद्यानं माप दिलंय ते खाद्यपदार्थांसाठी, किलोला 20 मिलिग्रॅमच्या आत. लोशन-क्रीमला असं माप नाही. कोणी छापलं तर छापलं, नाही तर नाही. त्यामुळे त्या शब्दासाठी वणवण करू नकोस, घटकांची यादी वाच. ती यादी छापणं बंधनकारक आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहितात, त्याखालचे शेवटी कसेही. म्हणजे शेपूट सोडायचं नाही.

यादी इंग्रजी अक्षरांत असते आणि वनस्पतींची नावं लॅटिन. ‘ट्रिटिकम’ दिसलं की गहू. ‘होर्डियम’ म्हणजे सातू. ‘सेकेल’ म्हणजे राय. ‘व्हीट’, ‘बार्ली’, ‘मॉल्ट’ हे तुला कळतीलच. ‘टोकोफेरॉल’ म्हणजे ई जीवनसत्त्व, त्याला घाबरू नकोस. ते गव्हाच्या अंकुरापासून काढलेलं असलं तरी त्यात प्रथिन जवळजवळ उरत नाही.

‘अव्हेना सटायव्हा’ म्हणजे ओट्स, आणि इथे मला थोडं थांबायचंय, कारण याबाबत माझ्या हातून चूक झालेली आहे. ओट्समध्ये गव्हाचं ग्लुटेन नसतं, पण शेतात, गिरणीत, गोदामात ते गव्हात मिसळतात. हे मला माहीत होतं. जे माहीत नव्हतं ते असं, की एक्झिमाच्या काही मुलांना ओट्सच सोसत नाहीत. एकदा एका बाळाच्या आईला मी मोठ्या विश्वासानं ओट्सचं क्रीम दिलं. डब्यावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं, मीही भुलले. चौथ्या दिवशी ती आली, बाळाचे गाल पावाच्या भट्टीसारखे लाल. बोलली काही नाही, नुसतं बाळ माझ्यासमोर धरलं. नंतर वाचनात आलं की फ्रान्समध्ये एक्झिमाच्या 302 मुलांची तपासणी केली होती, 2007 मध्ये ती छापून आली. त्यात टोचून केलेल्या चाचणीत जवळपास पाचातल्या एका मुलाचं शरीर ओट्सला प्रतिक्रिया देत होतं. ओट्सच्या क्रीमनं अनेक मुलांना आराम पडतो, हेही तितकंच खरं. पण तुझ्या मुलीसाठी मी ते पहिल्या फळीत ठेवणार नाही. ‘नैसर्गिक’ हा शब्द तर आता मी वाचतच नाही. गहूही नैसर्गिकच आहे.

मग लावायचं काय? ज्याची यादी सर्वांत छोटी, ते. साधी, बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली: एकच घटक, गहू नाही, सुवास नाही, किंमत किरकोळ. रात्री लाल झालेल्या जागांवर आणि ओठांवर हीच. लिप बाम वेगळा घेऊच नकोस, तो सगळा पोटात जातो. दिवसा जेली चिकट होते, विशेषतः आपल्या हवेत, तेव्हा ग्लिसरीन किंवा सेरामाइड (कातडीत मुळात असतं तसं स्निग्ध द्रव्य) असलेलं बिनवासाचं साधं क्रीम. पुढच्या बाजूला ‘अनसेंटेड’ असेल तर फसू नकोस. कधी कधी वास मारण्यासाठीच वेगळा सुवास घातलेला असतो. मागे ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द नको. तिची खाज वाढवण्यात ग्लुटेनपेक्षा या सुवासाचा हात जास्त असण्याची शक्यता मला वाटते.

आणि आता त्या 2,800 रुपयांच्या बाटलीबद्दल. ती वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण एवढी महाग बाटली आपण कशी वापरतो? थेंब थेंब. अत्तरासारखी. एक्झिमा अंगभर असलेल्या मुलांना ब्रिटनमध्ये आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम मॉइश्चरायझर वापरायला सांगतात. तुझ्या मुलीला एवढं लागणार नाही, तरी नीट लावलंस तर 200 मिलीची बाटली दोन-तीन आठवड्यांत संपावी. संपत नसेल तर तू काटकसर करते आहेस. मुलीला सढळ हातानं लावता येईल एवढं स्वस्त क्रीम, हे माझ्या लेखी उत्तम क्रीम.

लावायची वेळ लोशनपेक्षा महत्त्वाची. कोमट पाणी, पाच-दहा मिनिटांची आंघोळ. कढत पाणी नाही, पावसाळ्यातसुद्धा नाही. साबण बिनवासाचा, ‘सोप-फ्री’ किंवा ‘सिंडेट’ लिहिलेला, तोही काखा-जांघा-पायांपुरता. पंचानं टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही. अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, वरून खाली एका दिशेनं क्रीम. अंग सुकल्यावर लावलं तर तेवढा ओलावा टिकत नाही. नवीन काहीही आणलं तर आधी मनगटाच्या वर आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी आठवडाभर रोज दोन वेळा लाव. काही उठलं नाही तर मग अंगाला. मिरामारला खारं पाणी अंगावर घेतलं तर घरी येईपर्यंत थांबू नकोस, बाटलीभर गोडं पाणी बरोबर ने. पावडर नको. एप्रिल-मेच्या उकाड्यात जेली थापून वर घाम आला तर घामोळं उठेल, तेव्हा दिवसा हलकं क्रीम आणि जेली फक्त रात्री. एक जपायचं: जेली किंवा तेल मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. अशा झबल्यात तिला समईजवळ बसवू नकोस.

सासूबाईंना या सगळ्यातून बाजूला काढलंस तर घरात उगाच धुसफूस होईल आणि कणीक गुपचूप परत येईल. त्यांच्या हातात खोबरेलाची वाटी दे. घाण्याचं शुद्ध खोबरेल, सुवासिक केसांचं तेल नव्हे. सौम्य एक्झिमात खोबरेलाचा उपयोग होतो हे अभ्यासांतही दिसलंय. सरसों किंवा ऑलिव्हचं तेल मात्र नको. चोळायचं हलक्या हातानं, आणि आधी कणीक मळली असेल तर हात साबणानं धुऊन. दिवाळी तोंडावर आली आहे, तेव्हा उटण्याचंही आत्ताच सांगून ठेवते. पुड्यांतल्या उटण्यात काही जण गव्हाचं पीठ मिसळतात आणि बऱ्याच पुड्यांवर घटकच नसतात. लेकीला यंदा तेलाचं अभ्यंग पुरे. पायाखाली कारीट फोडायला मिळालं की तिची हौस भागेल, आणि सकाळचे फोव, म्हणजे पोहे, तर तिच्या हक्काचे. फक्त फोण्णीच्या फोवांतलं हिंग बघ.

हिंगावरूनच स्वयंपाकघरात येऊ. बाजारातलं बांधणीचं हिंग बहुतेक वेळा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात खलवलेलं असतं. डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, आपण कधी वाचत नाही. रोजच्या आमटीत, भाजीत चिमूट चिमूट जातं. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, ते आण. मग मासे. सुंगटां असोत, बांगडे असोत, रवा लावून तळतो आपण, आणि रवा म्हणजे गहूच. तू तिच्यासाठी तांदळाचं पीठ लावत असशीलही, पण तवा तोच आणि तेल तेच असेल तर उपयोग नाही. तिचा बांगडा आधी तळ, घरच्यांचा नंतर. नाहीतर तिचा तवाच वेगळा ठेव. चवथीला घरभर नेवऱ्या (करंज्या) लाटतात तेव्हा मैदा हवेत उडतो, त्या दिवशी तिला शेजारी पाठव.

बालवाडीत विचार, खेळायला मऊ रंगीत माती देतात का. ती पुष्कळदा गव्हाच्या पिठाची असते, बाई घरी करत असल्या तर मैद्याची. तासभर मुलं ती मळतात आणि मग त्याच हातांनी डबा खातात. बाईंना सांग, हिच्यासाठी तांदळाच्या पिठाची करून देते. सगळ्यांसाठीच दिलीस तर उत्तम, कारण शेजारच्या मुलाची माती नेहमीच जास्त चांगली असते.

डॉक्टरांकडे मात्र जा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात त्वचारोगाची ओपीडी आहे. लोशनं, क्रीमं, हिंगाची डबी, सगळ्यांच्या लेबलांचे फोटो घेऊन जा. तीन गोष्टी विचार. एक, हा एक्झिमाच ना? सिलिॲकशी जोडलेला त्वचेचा एक वेगळा रोग असतो, त्यात कोपराच्या टोकावर, गुडघ्याच्या पुढे, ढुंगणावर बारीक पाणीदार फोडांचे पुंजके येतात आणि भयंकर खाज सुटते. एवढ्या लहान मुलांत तो क्वचितच दिसतो, तू लिहिलेल्या जागाही वेगळ्या आहेत, पण बघून घ्यायला हवं. त्यावर कुठलंच लोशन चालत नाही, ताटातला गहू पूर्ण सुटावा लागतो. दोन, लोह आणि जस्त कमी आहे का? आतडं खराब असताना ते अंगी लागत नाही आणि कातडीवर त्याचा परिणाम होतो. तीन, कणकेचा इतका सहवास झालाय तर गव्हाच्या ॲलर्जीची चाचणी करायची का? कधी गव्हाचा स्पर्श झाल्यावर किंवा चुकून खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरला तर वाट बघायची नाही, 108 ला फोन.

त्यांनी सौम्य स्टिरॉइड मलम लिहून दिलं तर नाव ऐकून घाबरू नकोस. सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लाव. आणि चिठ्ठीशिवाय कोणी काउंटरवरून ‘सगळ्यावर चालते’ म्हणून तीन औषधांची एकत्र ट्यूब दिली, तर ती तिथेच ठेवून ये. त्या ट्यूबनं आठवड्यात कातडी गुळगुळीत दिसते आणि महिन्याभरात पातळ होते.

आणि एक गोष्ट हे वाचणाऱ्या इतर आयांसाठी: मुलाला सिलिॲक ‘असेल’ अशा नुसत्या शंकेवरून गहू बंद करून मग रक्त तपासायला जाऊ नका. गहू खाणं चालू असतानाच ती तपासणी खरं सांगते. फोंड्याच्या या आईनं ते नीट क्रमानं केलंय, म्हणून तिला आज काय करायचं हे मला सांगता आलं.

पुढच्या पत्राबरोबर तू घेतलेल्या क्रीमचा फोटो पाठव. पण पाठवशील तो मागच्या बाजूचा. पुढच्या बाजूला नुसतं एक गुबगुबीत बाळ हसत असतं.

— तुझी मावशी